फणसाने जपलेली कडी

मंडळी, सख्खं माणूस विसरता येतं का हो? मी विसरलो. आज कळलं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या दारातला फणस रस्त्यासाठी तोडला. जळणात जाऊ नये म्हणून मी खोड वखारीत नेलं, टेबल करायला. वखारवाला म्हणाला, "काका, शहरातलं झाड नको. आत खिळे असतात."

मी म्हटलं, "सत्तर वर्षं ओळखतो मी याला. आत काही नाही."

तिसऱ्याच फळीला करवतीचं पातं तुटलं. आत लोखंडी कडी होती.

बघताक्षणी आठवलं. पंचावन्न साली बाबांनी ती ठोकली होती, धाकट्या बेबीची झोळी बांधायला. वर्षाच्या आत बेबी तापानं गेली. बाबा कडी काढायला गेले, तर आईनं त्यांचा हात धरला. पुढे जाता-येता ती कडीला बोट लावायची. हळूहळू खोडानं कडी पोटात घेतली, तरी आई तिथलीच साल चाचपायची.

"लोखंडानं फळी काळी पडलीय काका, फेकून द्या," वखारवाला म्हणाला.

बेबीचा एकही फोटो नाही. ती फळी मांडीवर घेऊन बसलोय. झाडानं तिला इतकी वर्षं जपलं, आणि मी, तिचा भाऊ, छाती ठोकून सांगत होतो, आत काही नाही.