मागच्या खोलीतली बाळंतीण

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात माझ्या फुप्फुसावर डाग निघाला, आणि आठवडाभरात मी मामाकडे राजापूरला गेले. म्हणजे शेजारीपाजारी तसं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात मी मुलुंडला आमच्याच घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत होते.

क्षय हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. वडील 'दुखणं' म्हणत, आई तेवढंही म्हणत नसे. सतरा वर्षांच्या मुलीला छातीचं दुखणं आहे हे बाहेर गेलं की तिला कुणी करून घेणार नाही, ही एकच धास्ती दोघांना होती. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं तेव्हा नुकतीच मिळू लागली होती. "सहा-आठ महिने अंथरुणावरून हलली नाही तर उठेल," असं डॉक्टर म्हणाले होते. ते सकाळी सातला येऊन टोचून जात. डॉक्टर रोज कशाला येतात असं लोक विचारायला लागले तेव्हा आईनं वडिलांना मधुमेह झाल्याचं ठोकून दिलं. मग कुणी आलं की वडिलांना बिनसाखरेचा चहा प्यावा लागे. आमच्या घरात कधी न शिवलेली अंडी ते माझ्यासाठी ऑफिसच्या पिशवीतून आणत आणि टरफलं दुसऱ्या दिवशी डब्यात घालून परत घेऊन जात.

खोलीला एकच खिडकी होती, मागच्या अंगणात उघडणारी. अंगण आमचं आणि शेजारच्या मालवणी काकींचं मिळून होतं. काकी विधवा, एकट्या. दिवसभर मागच्या पायरीवर बसून काहीतरी निवडत, नाहीतर मासळी साफ करत. त्यामुळे खिडकी कायमची बंद. तावदानांवर आईनं वर्तमानपत्र चिकटवलं होतं. वरच्या एका तावदानाचा तुकडा उडाला होता, तेवढ्यातून हवा येई. काकी पायरीवर असल्या की मी खोकायचं नाही, खोकला आवरलाच नाही तर तोंडावर उशी घ्यायची. माझं ताट-वाटी वेगळं. आई ते उंबऱ्याच्या आत सरकवी, आणि मी खाईपर्यंत बाहेरच्या बाजूला बसून राही. तिनं मला हात लावला नाही असे दिवस मी मोजायचे, मग मोजणं सोडून दिलं.

त्या फुटक्या तावदानातून एके दिवशी काकींची मांजर आत आली. करडी, पोटानं जड झालेली. काकी तिला माशांची डोकी घालत, त्यामुळे तिच्या अंगाला वास मारे. तिनं खोलीभर हुंगलं, माझ्या पायांशी उभी राहून मला न्याहाळलं आणि खाटेखालच्या लाकडी खोक्यात शिरली. त्यात माझी शाळेची पुस्तकं होती. मी पुस्तकं काढून जुनं लुगडं घातलं. तिनं ते पंजांनी चुरगाळून आपल्या मनासारखं करून घेतलं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, ती व्याली. काकी बाहेर तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता, म्हणून मला आईला हाक मारता येईना. मी जमिनीवर पालथी पडून बघत राहिले. पहिलं पिल्लू आलं, दुसरं आलं, तिनं दोन्ही चाटून मोकळी केली. तिसरं आलं तेव्हा ती दमली होती. पिल्लू पातळ पिशवीत तसंच पडून राहिलं, मांजर मान वळवीना. मी टॉवेलच्या टोकानं पिशवी फाडली, त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही, नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते मांजरीच्या पोटाशी ठेवलं आणि खाटेवर येऊन पडले. माझी छाती धडधडत होती, पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मला दुखण्याची आठवण राहिली नव्हती.

संध्याकाळी आईला कळलं. ती दारातच कुजबुजत्या आवाजात बोलू लागली.

"वेड लागलंय का तुला? त्यांचे केस छातीत जातील. उद्या सकाळी ह्यांना सांगते, पोत्यात घालून खाडीकडे सोडून येतील."

"नाही."

"नाही काय? डॉक्टरांना कळलं तर?"

"तू त्यांना बाहेर काढलंस तर मी ओरडेन," मी म्हटलं. "मोठ्यानं. काकींना ऐकू जाईल. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल मी कुठं आहे ते."

आई उंबऱ्याशी बसली, पदरानं तोंड दाबून. आवाज न करता रडायची सवय तिला माझ्या दुखण्यानंच लावली होती. मी तिला "चुकले" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कारण त्या घरात पहिल्यांदाच माझं काहीतरी ऐकलं गेलं होतं.

मांजर राहिली. मला सकाळ-संध्याकाळ एकेक पेला दूध मिळे, त्यातलं निम्मं मी तिला घालू लागले. लुगड्याचे तुकडे बदलायचे, ओले तुकडे खोलीतल्याच बादलीत पिळायचे, तिसरं पिल्लू दुबळं होतं त्याला धडधाकट दोघांना बाजूला सारून दुधाशी लावायचं. दिवस कसा जातो ते कळेना. मांजर मात्र हवी तेव्हा तावदानातून उडी मारून जाई आणि अर्ध्या तासानं परत येई. ती गेली की मी त्या फटीकडे बघत बसे. परत आली की तिच्या केसांत वाळलेलं गवत, माती, उन्हाची ऊब असे. मी तिच्या पाठीवर गाल टेकी.

बाहेर काकी हाका मारत. "खय गेला गो माझा मांजार? पिल्लां खय घातल्यान?" आवाज अगदी खिडकीखालून येई. मी पिल्लांवर गोधडी टाकी आणि श्वास रोखून बसे.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी वजन केलं. ते एक पौंडानं उतरलं होतं. "असं चालायचं नाही," ते म्हणाले, "दोन महिने वाढवावे लागतील." आई माझ्याकडे बघत राहिली. ते गेल्यावर ती म्हणाली, "दूध कोण पितंय?" मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ताटाबरोबर एक जादा वाटी उंबऱ्याच्या आत येऊ लागली.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली, लडबडत खोक्याबाहेर येऊ लागली. एका दुपारी मांजरीनं एकाला मानेशी धरलं, खाटेवर चढली, तिथून खिडकीच्या कठड्यावर, आणि तावदानातून बाहेर. थोड्या वेळानं येऊन दुसऱ्याला नेलं. मला कळलं काय चाललंय ते. ती तिसऱ्यासाठी येण्याआधी मी उठले, खोलीतली जुनी दगडी पाटी घेतली आणि फुटक्या तावदानाला लावून टाकली. दुबळं पिल्लू उचलून पांघरुणात घेतलं.

ती आली. पाटीवर नखं ओढली. मग कठड्यावर बसून ओरडायला लागली. आत पिल्लू ओरडत होतं. मी त्याला छातीशी दाबून धरलं, वाटीतलं दूध बोटानं त्याच्या तोंडाला लावलं, पण ते घेईना. असा तास गेला असेल, दीड तास गेला असेल. मला दिसत होतं की हे चूक आहे. तरीही हात सुटत नव्हता. हेही गेलं तर त्या खोलीत माझ्याशिवाय श्वास घेणारं कुणी उरणार नव्हतं.

दार उघडलं. आई उंबऱ्यावर थांबली नाही, सरळ आत आली. कित्येक महिन्यांनी ती माझ्या खाटेजवळ उभी होती.

"दे," ती म्हणाली. आवाज कुजबुजता नव्हता. "तिचं तिला दे गं."

"आई, एकच राहू दे."

"ती बाहेर जीव काढतेय. ऐकू येत नाही तुला?"

तिनं माझ्या हातांवर हात ठेवले आणि एकेक बोट सोडवत पिल्लू काढून घेतलं. मग तिनं काय केलं, तर पाटी न काढता खिडकीची कडी ओढली. वर्तमानपत्र टरकन फाटलं आणि दोन्ही दारं उघडली. इतका उजेड आला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मांजर पिल्लाला घेऊन निघून गेली होती, आणि समोर पायरीवर काकी बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. आई कडीला धरून थिजली होती.

काकींनी सूप एकदा पाखडलं. "इलां मगे चेडू मामाकडसून?"

आईनं कडी सोडली. "हो. आजच आली."

"बरां झालां," काकी म्हणाल्या, आणि खडे वेचू लागल्या.

त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी खिडकी पुन्हा बंद केली, नवा कागद लावला. एका बाईला कळलं म्हणून सगळ्या गल्लीला कळायला नको, असं त्यांचं म्हणणं. पुढचे पाच महिने मी त्याच खोलीत काढले. वडील ऑफिसला गेले की आई दुपारी घटकाभर खिडकी उघडत असे. पायरीवरून काकी कधी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि कुणापाशी माझ्याविषयीही नाही. मांजर एकदाही परत आली नाही. खोकं मी खाटेखाली तसंच राहू दिलं, मग एक दिवस पुस्तकं पुन्हा त्यात भरली.

डॉक्टरांनी हिंडायला परवानगी दिल्यावर, माझ्या पायांत जोर आला तसं, मी एकदा मागच्या दारानं काकींकडे गेले. दोन करडी मांजरं, मोठी झालेली ती पिल्लं, चुलीजवळ झोपली होती. त्यांनी डोळे किलकिले करून मला पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"तुम्हांला माहीत होतं ना, काकी?" मी विचारलं.

"मांजार रोज माझ्या म्होरसून तुझ्या खोलीत जाय. मी काय आंधळी?"

"आणि तिसरं?"

"ता आठ दीस र्‍हवलां. मगे गेलां."

"त्या दुपारी मी धरून ठेवलं म्हणून? भुकेलं होतं ते."

"नाय गो. दुबळांच होतां पयल्यापासून." त्यांनी मला चहाचा कप दिला, त्यांच्याच कपांतला, आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांचं म्हणणं खरं असेल. पण त्या बोलल्या तेव्हा माझ्याकडे बघत नव्हत्या, चुलीतलं लाकूड आत सारत होत्या.