कूलरवाल्या सुमेधचं खातं

करुणा कूलरसमोर चटई टाकून आडवी होते, तेव्हा आई पलीकडच्या खोलीत फोन घेऊन बसलेली असते. भिंतीपलीकडून सुमेधचा आवाज येतो. "नमस्कार मंडळी, मी कूलरवाला सुमेध. आज आपण कूलरच्या जाळीतली खस कशी बदलायची ते पाहू." मे महिन्यातलं चंद्रपूर. दारं-खिडक्या लावलेल्या, पडद्यांच्या कडांना तेवढी उन्हाची पांढरी रेघ. करुणाला तो आवाज ऐकायचा नसतो आणि बंदही व्हायला नको असतो. ती कुशीवर वळते. डोळे जड होतात.

सुमेध तिचा धाकटा भाऊ. मार्चमध्ये गेला. दुर्गापूरच्या रस्त्याला त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि फोनवर त्याचं खातं होतं. त्यावर तो छोटे छोटे व्हिडिओ टाकायचा: मोटार का गरम होते, टबाला गंज का चढतो, घरच्या घरी काय करता येतं. लोकांना त्याचं बोलणं आवडायचं. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं, निळं-हिरवं, दिसायला सुंदर. मित्रांबरोबर तिथे गेला असताना त्याने फोन एकाच्या हातात दिला, "लाइव्ह चालू ठेव" म्हणाला आणि कड्यावरून उडी मारली. वर आला, हात हलवले, पुन्हा खाली गेला. फोन धरणारा हसत होता. सुमेध नाटक करतोय असंच सगळ्यांना वाटलं. ते हसणंही त्या व्हिडिओत होतं.

वरोऱ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासणीचं काम करणारी करुणा बातमी कळताच माहेरी आली. फोन मित्राच्या हातात होता, त्यामुळे कोरडा राहिला होता. तिने तो व्हिडिओ त्याच रात्री खात्यावरून काढला, पण तोवर तो शेकडो ठिकाणी पोचला होता. कोणी त्याला गाणं लावलं, कोणी खाली त्याच्या खात्याचा पत्ता दिला. मग लोक खात्यावर यायला लागले. खस बदलायच्या व्हिडिओखाली लिहायला लागले, भाऊ, पाणी गार होतं का. पोहायचं कसं त्याचाही व्हिडिओ टाक. पुढचा भाग कधी. आणि प्रत्येकाच्या पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं.

आईला वाचता येतं, पण बारीक अक्षर दिसत नाही. तोंडं दिसतात. पहिल्यांदा तिने ती पाहिली तेव्हा करुणाला जवळ बोलावून म्हणाली होती, "पाय बाई, किती लोकं हसून राहिले त्याच्यासंगं. माझं पोरगं हसवतच होतं सगळ्यायले."

आईने विचारलं, काय लिहिलंय, तर करुणा म्हणाली, आठवण काढतात.

तिने खातं कायमचं काढून टाकायची विनंती केली. फोनवर उत्तर आलं की महिनाभर थांबावं लागेल, मग त्याचं नाव, फोटो, व्हिडिओ, सगळी माहिती पुसली जाईल. मधल्या काळात कोणी खातं उघडलं तर विनंती रद्द होईल. दुसऱ्या दुपारी आईने मुलाला पाहायला ते उघडलं. करुणाने पुन्हा विनंती केली, आईने पुन्हा उघडलं. का उघडू नकोस, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आईच्या हातातून फोन काढून घेणं करुणाला जमलं नाही.

भिंतीपलीकडचा आवाज आता खशीबद्दल बोलत नाही.

"ताई, झोपली का?"

"नाही," करुणा म्हणते.

सुमेध कूलरच्या पाठीमागे उकिडवा बसून जाळी काढतोय. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, पाठीला चिकटलेला. तो मेला आहे हे तिला माहीत आहे आणि त्यात काही अडचण नाही. तो आला आहे, कूलर पाहतोय, इतकंच.

"याची खस बदलायला पाहिजे होती तुम्ही," तो म्हणतो. "हवा कोंदट येऊन राहिली."

"तूच नव्हतास."

"हो. तेही आहे."

तो उठतो, पान्हा खिशात टाकतो आणि चालायला लागतो. ती मागोमाग निघते. उंबरा ओलांडते तर पाय दुकानात पडतो. भिंतीशी कूलरचे सांगाडे रचलेले, जमिनीवर घोट्याएवढं पाणी. पाणी हिरवं आहे आणि खालची फरशी दिसत नाही. सुमेध स्टुलावर बसतो. त्याचे डोळे लाल आहेत, पापण्या एकमेकींना चिकटलेल्या. तो ते पुन्हा पुन्हा पुसतो.

"दिसत नाही नीट. डोळ्यांत पाणी गेलं आहे," तो म्हणतो. "ताई, तो फोन घे. लोकांनी काय लिहिलं ते वाच ना."

फोन तिच्या हातात आहे. कधी आला ते कळत नाही.

"आठवण काढतात," ती म्हणते.

"हे तू आईला सांगते."

सांगाड्यांच्या मागून पाणी टपकत राहतं.

"वाच," सुमेध म्हणतो. "मी काही म्हणणार नाही."

ती वाचते. आवाज हलू न देता, दवाखान्यात रुग्णाला अहवाल वाचून दाखवावा तसं. भाऊ, पाणी गार होतं का. तो ऐकतो. कूलरवाला स्वतःच गार झाला. तो ऐकतो. मान खाली आहे, केसांतून पाणी शर्टवर उतरतंय. एकाने त्याच्या हात हलवण्याची नक्कल केली आहे आणि त्या नकलेला बाकीच्यांनी शाबासकी दिली आहे. करुणा तेही वाचते. मध्येच एक वेगळंच येतं आणि ती अडखळते.

"काय झालं?"

"हा विचारतोय... पंप चालू आहे पण पाणी वर चढत नाही, काय करू. घरात लहान बाळ आहे म्हणतो."

सुमेध मान वर करतो. पहिल्यांदा त्याचा चेहरा जिवंतपणीसारखा दिसतो.

"कधी विचारलं त्याने?"

"एप्रिलमध्ये."

"कोणी सांगितलं नाही त्याला?"

"नाही. खाली सगळे हसलेत फक्त."

"लिही त्याला," सुमेध म्हणतो. "आधी प्लग काढा म्हणावं. मग पंप उलटा करा, खालची जाळी उघडेल. आपल्याकडच्या पाण्याला खार फार, तो जाळीत बसतो. जुन्या ब्रशने घासा. पाइप फुंकून पाहा. मोटार बदलू नका, कोणी सांगितली तरी."

ती लिहायला जाते तर अक्षरं उमटत नाहीत. काच ओली आहे. ती पदराला पुसते, पुन्हा ओली होते. सुमेध वाट पाहतो आणि मग हळूच म्हणतो, "राहू दे. उन्हाळा संपतच आला."

पाणी आता गुडघ्यांपर्यंत आहे. दुकानाला मागची भिंत नाही. तिथून खाणीचा खड्डा सुरू होतो, काळे कडे आणि मधोमध ते निळं-हिरवं, जराही न हलणारं पाणी. काठावर माणसं उभी आहेत, खूप माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. त्यांची तोंडं पिवळी आहेत. कोणी आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात.

"हे रोज येतात?" ती विचारते.

"जातच नाहीत." तो तिकडे पाहत नाही. "आई तिकडून आवाज देते तेव्हा मला बरं वाटतं. मग हे पुढे सरकतात. मला आईपर्यंत जाताच येत नाही."

"मी काढायला गेले होते तुझं खातं. दोनदा."

"माहीत आहे."

"मग काय करू?"

"आईला वाचून दाखव."

"मरेल ती."

"नाही मरत," सुमेध म्हणतो. "मला पाहून नाही मेली, तर यानं काय मरते."

ती म्हणते, "तुझा आवाज जाईल रे."

"आवाज तुमच्यापाशी ठेवा ना. यायच्यापाशी कायले?"

तो तिला बाजूला घेतो. बाजूला म्हणजे राशन दुकान आहे, लहानपणी आई साखर आणायला पाठवायची तेच, तीच लाकडी फळी, तोच घासलेटाचा वास. फळीवर अंगठ्याचं मशीन ठेवलेलं. पलीकडे बसलेल्या माणसाचा चेहरा अंधारात आहे.

"काय पाहिजे?" तो विचारतो.

"खातं बंद करायचं आहे," करुणा म्हणते.

"कोणाचं?"

"याचं."

"मग त्याचाच अंगठा लागेल."

सुमेध पुढे होतो आणि हात फळीवर ठेवतो. हात पांढराफटक आहे. बोटांची कातडी सुरकुतून फुगली आहे, रेषा दिसत नाहीत. तो अंगठा मशीनवर दाबतो. काचेवर नुसता पाण्याचा डाग उमटतो. पुसतो, पुन्हा दाबतो. मशीन एकसुरात म्हणतं, ठसा जुळत नाही.

"नाही लागत," पलीकडचा माणूस म्हणतो. तो रागावलेला नाही. त्याने हे पुष्कळ वेळा पाहिलेलं असावं. "पाण्यातून आलेल्यांचा लागत नाही. घरचं कोणी असेल तर पाहा."

"ताई, तू लाव," सुमेध म्हणतो.

"माझा कसा चालेल?"

"इकडे दे."

तो तिचा उजवा हात घेतो. अंगठा तेवढा आपल्या मुठीत धरतो. ती मूठ इतकी गार आहे की तिचा खांदा बधिर होतो. ती हात ओढून घेत नाही. मार्चपासून त्याने तिला शिवलेलं नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना तो असाच तिचा अंगठा धरायचा, बाकीची बोटं त्याच्या मुठीत मावायची नाहीत.

"थोडा वेळ लागते," तो म्हणतो. "मग चालते."

मागे पाणी चढत असतं. काठावरची माणसं जवळ आलेली असतात. सुमेध मूठ सोडत नाही.

"दुखलं का रे?" करुणा विचारते. इतके दिवस तिला हेच विचारायचं असतं.

तो खोटं बोलायला तोंड उघडतो, मग मिटतो.

"हसण्याचा आवाज येत होता," तो म्हणतो. "मला वाटलं, यायले दिसून राहिलं असेल."

तो तिचा अंगठा मशीनवर ठेवतो आणि वरून दाबतो.

करुणा डोळे उघडते. पडद्याच्या कडेची उन्हाची रेघ जमिनीवर सरकली आहे. पलीकडे आवाज नाही. ती उठून बसते आणि केस मागे सारायला हात वर नेते, तेव्हा तिला उजवा अंगठा दिसतो. पेरापर्यंत तो पांढरा आहे, फुगलेला, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. बाकीची बोटं कोरडी आणि नेहमीसारखी. चटई कोरडी आहे. ती अंगठा दुसऱ्या हाताने चेपून पाहते. गार लागतो.

आई दारात येते. हातात सुमेधचा फोन. "चहा ठेवू का?"

"आई, बस इथे," करुणा म्हणते.

आई बसते. करुणा फोन मागून घेते आणि वाचायला सुरुवात करते. पहिल्या वाक्याला आईला कळत नाही. दुसऱ्याला ती म्हणते, "हे काय लिहिलं?" तिसऱ्यानंतर काही विचारत नाही. करुणा थांबत नाही, कारण थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे तिला माहीत आहे. शेवटी ती फोन मांडीवर उपडा ठेवते.

"आणि ते तोंडं?" आई विचारते.

"ती त्याच्यावर हसतात, आई. त्याच्यासंगं नाही."

आई कूलरकडे पाहते.

"मी त रोज त्यायचं भलं होवो म्हणून राहिली होती," ती म्हणते. "एकेकाचं."

करुणा सांगते की सुमेधचे सगळे व्हिडिओ तिने आपल्या फोनात उतरवून घेतले आहेत, आवाज कुठेच जाणार नाही, घरात ऐकता येईल. फक्त बाहेरचं खातं बंद होईल. मग महिनाभर ते कोणीच उघडायचं नाही, चुकूनही नाही.

"नाही उघडत," आई म्हणते. "काढ ते."

करुणा पायरीपायरीने पुढे जाते. शेवटी फोन विचारतो की हे कायमचं आहे, नक्की काढायचं का. ती ते आईला वाचून दाखवते. आई मान हलवते. करुणा दाबते आणि फोन बंद करून त्यातलं सिमकार्ड काढून घेते. सिम तिच्या तळहातावर असताना आईला तो अंगठा दिसतो.

आई तो पदराने पुसते. पुसायला ओलं काही नसतं. ती अंगठा डोळ्यांजवळ नेते. ही कातडी तिने पाहिली आहे. खाणीच्या काठावर सुमेधला ताडपत्रीवर ठेवलं तेव्हा बाहेर राहिलेला हात तिनेच आत घेतला होता.

"आला होता?" ती विचारते.

"हो."

"काही म्हणला?"

करुणा सांगायला जाते आणि तिला फक्त पंपाचं आठवतं, जाळीत खार बसतो ते. ती तेच सांगते. आई ऐकते. तिने तो अंगठा आपल्या मुठीत घेतलेला असतो, घट्ट, ऊब यावी म्हणून. बाहेर ऊन उतरतं, शेजारी नळाला पाणी येतं, बादल्यांचे आवाज सुरू होतात. आई मूठ उघडून पाहते. अंगठा तसाच आहे, पांढरा आणि गार. ती पुन्हा मूठ मिटते.