मुकादम रांगेत उतरले तेव्हा

मुकादमांनी ‘आल्झो!’, म्हणजे ‘चला तर!’, अशी आरोळी ठोकली की ऱ्हाइन नदीतली मालवाहू जहाजं वेग कमी करीत. खोटं वाटत असेल तर सोडून द्या; पण जेवणाच्या हॉलमधलं घड्याळ दर शुक्रवारी संध्याकाळी दचकून दोन मिनिटं मागं पडायचं, हे मी शपथेवर सांगतो.

ते आमच्या कोलोनच्या वसतिगृहाचे हाउसमाइस्टर. किल्ल्या, बॉयलर आणि आम्हा विद्यार्थ्यांची वर्तणूक, सगळं त्यांच्या ताब्यात. ‘मुकादम’ हे नाव मी आणि पुण्याच्या दामलेनं ठेवलेलं, कारण शुक्रवारी टेबलं भिंतीला लागली की ते खुर्चीवर उभे राहून साठ माणसांना कामाला जुंपत. काम म्हणजे काँट्रा नाच. समोरासमोर दोन लांब रांगा, प्रत्येकासमोर त्याची जोडीदारीण, आणि पुढची चाल कोणती ते एकानं ओरडून सांगायचं. दर फेरीला जोडी एक जागा पुढं सरकते. टोकाला पोचली की एक फेरी नुसती थांबते आणि मग उलटी परतते. बायका कमी पडत, तेव्हा काही पुरुष दंडाला रुमाल बांधून बाया होत. मी फारच देखणा असल्यामुळं मला ती जोखीम घेता येत नसे.

ही विद्या मुकादमांनी अमेरिकेत युद्धकैदी असताना मिळवली होती. ज्या शेतावर त्यांना राबायला पाठवत, तिथल्या कोठारात शनिवारी नाच चाले. इकडं येऊन त्यांनी त्यात जो खट्याळपणा घातला, तो मात्र त्यांचा स्वतःचा. टोकाला थांबलेल्या जोडीला ते मोकळं सोडत नसत. “तुम्ही दोघं आता खांब! खांबानं हसायचं नाही!” असं म्हटल्यावर खांब हमखास कोसळत. सगळ्यांना चाली पाठ झाल्या की ते गप्प होत, आणि मंडळी तंद्रीत नाचू लागली की मध्येच गरजत, “आता सगळ्यांनी पुकारणाऱ्याला जीभ दाखवा!” साठ जिभा बाहेर येत. त्यांतली एक आमच्या धातुशास्त्राच्या प्राध्यापकांची असे.

“तुम्ही कधी कुणा नाचणाऱ्याची फिरकी घेत नाही,” मी एकदा म्हणालो.

“हेर डॉक्टर,” ते म्हणाले (मी डॉक्टर व्हायला अजून चार वर्षं होती), “हसं व्हावं ते खुर्चीवरच्या माणसाचं. खाली आहेत ते पाहुणे.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

एका शुक्रवारी त्यांचा घसा पार बसला. गळ्याला मफलर गुंडाळून ते कोपऱ्यात बसले आणि खुर्ची मला मिळाली. पहिल्या दोन चालींतच मला वाटायला लागलं, की मुकादम ते काय, आपण त्यांचे आजोबा. टोकाला थांबणाऱ्या जोडीसाठी मी आपल्याकडची गंमत काढली. “आमच्या देशात बायकोनं नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घ्यायचं असतं. घेतल्याशिवाय वाट सोडत नाहीत! दामले, अडव त्यांना!” पहिल्या मुलीनं आपल्या वाग्दत्त वराचं नाव बटाट्याशी जुळवलं. हॉल दणाणला. दुसरीनं मांजराचं नाव घेतलं. मी खुर्चीवर नुसता उडत होतो.

तिसऱ्या फेरीला टोकाला आल्या फ्राउ लेंट्स, आमचे कपडे धुणाऱ्या. बाई अबोल, मुकादमांनी वर्षभर आर्जवं केल्यावर कुठं रांगेत उभ्या राहायला लागलेल्या. त्यांच्या बोटात अंगठी होती. मी तेवढंच बघितलं.

“नाव घ्या, नाव घ्या!” मी टाळ्या पिटत म्हणालो. दामलेनं हात आडवे केले.

माझ्या टाळ्यांखेरीज बाकी सगळ्या टाळ्या थांबल्या होत्या, हे मला उशिरा कळलं.

“वेर्नर,” त्या म्हणाल्या. मग यमक शोधत असल्यासारख्या थोडं थांबल्या. “चौदा वर्षांत पत्र नाही.”

रशियातून युद्धकैद्यांची शेवटची गाडी आली, तेव्हाही त्या स्टेशनवर उभ्या होत्या. हॉलमधल्या प्रत्येक जर्मन माणसाला ते ठाऊक होतं. मला नव्हतं, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. पण आमच्या घरी हळदीकुंकवाला विधवा अक्का स्वयंपाकघरात डाळ वाटत बसायची, आणि बाहेर नावं घेण्याचा हशा उठला की तिचा हात थांबायचा, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. विचारण्याआधी कुणाला विचारायचं नाही ते बघावं लागतं, हे मला कुठल्याही जर्मनापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ग्रामोफोन वाजतच होता. मुकादम उठले. “चूक पुकारणाऱ्याची,” ते फाटक्या आवाजात म्हणाले, “आणि इथला पुकारणारा मी.” त्यांनी फ्राउ लेंट्ससमोर वाकून हात पुढं केला आणि रांगेत शिरले.

आणि त्यांना नाचता येत नव्हतं! तसूभरही नाही. कोठाराच्या दाराबाहेर उभं राहून, कैद्याच्या कपड्यांत, त्यांनी फक्त ऐकलं होतं. उजवीकडं जायचं तिथं ते डावीकडं गेले, प्राध्यापकांना धडकले, दामलेला बाई समजून गरकन फिरवून बसले. फ्राउ लेंट्स त्यांना दोन्ही खांद्यांना धरून कपाट सरकवावं तसं जागेवर नेत होत्या. “इकडं, हेर हाउसमाइस्टर! अहो, इकडं!” तिसऱ्या धडकेला त्या हसल्या. मग हॉल हसला, मुकादमांना. ते घामाघूम होऊन अजून चुकत होते. मला वाटतं, शेवटी शेवटी मुद्दामसुद्धा.

मी खुर्चीवरून उतरलो आणि मागच्या दारानं निघून गेलो.

पुढच्या शुक्रवारी दारावर टकटक झाली. “हेर डॉक्टर, रांग लागलीय.” मी दिवा न लावता, श्वास रोखून पलंगावर पडून राहिलो. असे किती शुक्रवार गेले ते सांगत नाही. एरवी आकडे फुगवतो, इथं फुगवायची गरज नाही. फ्राउ लेंट्स धुतलेले शर्ट दारापाशी ठेवून जात. त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत मी दार उघडत नसे.

मला ड्यूसेलडॉर्फला नोकरी लागली. मुकादमांनी माझी ट्रंक स्वतः खाली आणली. “येतो,” एवढंच मी म्हणालो. मी, या तोंडानं!

त्यांनी ट्रंक टॅक्सीत ठेवली, हात झटकले.

“फ्राउ लेंट्स विचारत होत्या,” ते म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना? मी सांगितलं, बरी नाही.”

तब्येत ठणठणीत होती. ते त्यांनाही माहीत होतं. धुलाईघराची खिडकी तिथून वीस पावलांवर, उघडी होती. मी टॅक्सीत बसलो.