दुकान वाढवताना

आज कढईत खवा तळाला लागला आणि त्या करपट वासानं दचकून मी आधी मोबाइल बघितला.

त्या दिवशीही असाच वास सुटला होता. येडशीतल्या आमच्या पेढ्याच्या दुकानाची वेबसाइट मी मोबाइलवर बनवत होते. प्रोग्रामिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पेढ्यांचे फोटो लावून झाले होते, भाव टाकायचे राहिले होते.

दिवेलागणीला सासरे म्हणाले, "दुकान वाढवा आता." आमच्यात दुकान 'बंद करा' म्हणत नाहीत, अशुभ असतं, 'वाढवा' म्हणतात. वेबसाइटवरही 'दुकान वाढवा' असं बटण दिसलं. तीही बंद करावी म्हणून मी ते दाबलं.

'अभिनंदन! तुमचं दुकान आता सगळ्या जगाला दिसतंय.'

प्रत्येक पेढ्यापुढं भाव शून्य! मागं घ्यायचं कसं, कळेना. चुलीवर खवा करपत होता.

"मामा, लई मोठी चूक झाली. आता सगळं जग फुकट पेढे न्यायला येतंय!"

सासऱ्यांनी धावत जाऊन शटर खाली ओढलं. "भिऊ नको, बाई. आता कोण आत येतंय, म्या बघतो!"

आता वेबसाइट मला पाठ झालीय. सासरे नाहीत. शटर मीच ओढते, पण त्या दिवसाची भीती आतच राहते.