लाल नदीपलीकडचा सत्कार

मेणाने घासलेल्या लाकडी जमिनीचा आणि तापलेल्या तेलात फुगणाऱ्या पिठाचा वास. ओक्लाहोमाची आठवण निघाली की आधी हा वास येतो, माणसे त्याच्यामागून येतात. वास एका बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानातला आहे. तिथे घडीच्या खुर्च्या मांडून आम्ही एक माहितीपट पाहिला आणि त्यानंतर जे केले, त्याची चीड मला अजून आवरता आलेली नाही.

त्या वर्षी मी नाशिकहून भाचीकडे, सायलीकडे, टेक्सासातल्या फ्रिस्कोला गेले होते. सायलीच्या ऑफिसात डॅना नावाची एक मूलनिवासी अमेरिकन मुलगी चित्रफिती जुळवण्याचे काम करते. सुट्ट्या साठवून ती आपल्या लोकांवर एक माहितीपट करत होती. एकेकाळी सरकारने आणि धर्मप्रसारकांनी ह्या लोकांची मुले घरातून उचलून वसतिशाळांत ठेवली. केस कापले. आईची भाषा तोंडून निघाली तर मार दिला. काही मुले परत आलीच नाहीत. डॅनाच्या माहितीपटात तिची आजीच्या नात्याची एक बाई, लोइस, अशाच शाळेविषयी आणि तिथून न परतलेल्या धाकट्या बहिणीविषयी प्रथमच बोलली होती. तिला सगळेजण ‘आंटी’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

“मावशी, रिलीजच्या आधी डॅना तो माहितीपट फक्त घरच्यांना दाखवतेय,” सायली म्हणाली. “तिने आपल्याला बोलावलंय. मोठी गोष्ट आहे हां ही.”

गोष्ट मोठी होती, म्हणूनच ती तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कानावर जायला नको होती. पण गेली. अरविंदकाका तरुणपणी इंजिनिअर म्हणून ह्या देशात आले, आता निवृत्त आहेत आणि मंडळाचे सांस्कृतिक काम पाहतात. म्हणजे कोणत्याही प्रसंगाला शाल आणि श्रीफळ घेऊन पोहोचतात. “रिकाम्या हाताने जायचं? बरं दिसतं का?” असे म्हणून ते आमच्या गाडीत बसले. मी कविता करते म्हणून मानपत्र लिहायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले, आणि मी ते आनंदाने लिहिले, हे इथेच सांगून टाकते. दोन संध्याकाळी मी त्या आठ ओळींची लय जुळवत होते. ज्या बाईचा आवाजही ऐकला नव्हता, तिच्या वेदनेला मी तीन विशेषणे लावली होती.

सकाळी आठला निघायचे ठरले होते, साडेनऊला निघालो. शालीचा रंग काकांना ऐन वेळी पटेना. उत्तरेकडे रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे. ओक्लाहोमाच्या हद्दीवरची लाल नदी आली तेव्हा मी काच खाली केली. पाणी बारीक, वाळू मात्र खरोखरच तांबडी, ओल्या विटेसारखी. पलीकडे जुगारघरांच्या पाट्या, मग ऑक्टोबरातले पिवळे गवत, अधूनमधून अक्रोडाच्या जातीच्या पेकानची काळसर झाडे. वाऱ्याला कोरड्या शेंगांसारखा आवाज होता. तो ऐकावा म्हटले तर डिकीत नारळ गडगडत होता.

“म्हणजे आपल्या आश्रमशाळाच की ह्या,” काका म्हणाले.

“काका, प्लीज, तिथे हे बोलू नका,” सायलीने आरशातून पाहिले.

“अगं, मी कम्पेअर करतोय फक्त.”

राग आला होता, पण ‘तसे नाही’ असे ठामपणे सांगण्याइतके मला आपल्या आश्रमशाळांविषयी तरी कुठे ठाऊक होते?

त्या बंदिस्त मैदानाच्या दाराशी वेताची टोपली होती. डॅना स्वतः उभी राहून सर्वांचे मोबाईल तीत ठेवून घेत होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांची मुलगी. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. आत कोणीही काही टिपायचे नाही. आणि माहितीपट संपल्यावर आंटी बोलेपर्यंत कोणी बोलायचे नाही. “बहिणीचा भाग ठेवायचा की नाही, हे आज ती ठरवणार आहे,” ती म्हणाली. “माझी चार वर्षं त्या भागात आहेत. पण गोष्ट तिची आहे. ती नको म्हणाली तर नको.”

काकांनी मोबाईल टोपलीत ठेवला. दुसरा खिशातच राहिला. नंतर मी जाब विचारला तेव्हा ते निरागसपणे म्हणाले, “तो इंडियाच्या नंबरचा आहे हो, तो कुठे मी इथे वापरतो!”

माहितीपटात लोइसने काय सांगितले ते मी लिहिणार नाही. एवढेच सांगते की ती हळू बोलत होती आणि मधूनमधून इतका वेळ थांबत होती की पडद्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. स्वतःच्या कवितेच्या ओळीतला यतिभंगही, म्हणजे चुकीच्या जागी पडलेला विराम, मी कधी सहन केलेला नाही. त्या दिवशी कळले, विराम एवढा लांबू शकतो आणि तरी ओळ तुटत नाही.

दिवे लागले. कोणी हलले नाही. साठसत्तर माणसे, त्यांत मांडीवरची मुलेही, आणि पहिल्या रांगेत पाठमोरी लोइस. पांढऱ्या केसांची वेणी, निळा सदरा. एक मिनिट गेले असेल, दोन गेली असतील. आमच्याकडे सभेत इतकी शांतता झाली तर तिचा एकच अर्थ असतो: आभार मानणारा माणूस झोपला आहे. काकांना तोच अर्थ लागला. ते उठले.

मी त्यांची बाही धरली. ती सुटली.

त्यांनी शाल उलगडली, लोइसच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला आणि समेटावर बोलू लागले. झाले गेले गंगेला मिळाले, हे आपले वाक्य त्यांनी शब्दशः इंग्रजीत सांगितले. सभागृहात गंगा कोणालाच कळली नाही. ‘झाले गेले’ मात्र सर्वांना कळले. मग त्यांनी मला पुढे बोलावले, मानपत्र वाचायला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. त्या आठ ओळी त्या बाईसमोर वाचणे मला शक्य नव्हते; मी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात काकांनी खिशातला दुसरा मोबाईल माझ्यापुढे केला. “बरं, मग निदान फोटो तरी घ्या!” मानपत्र टळले ह्या सुटकेच्या भरात मी तो घेतला. आयुष्यभर समारंभांत हेच करत आले आहे: ‘इकडे बघा’ म्हणायचे आणि बटण दाबायचे. दाबले. फ्लॅशचा पांढरा झोत उडाला.

लोइसने नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवला, शालीची नीट घडी केली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

“काका, यार, काय केलंत हे!” सायलीला रडू फुटले.

“अगं, सत्कार केला! शिवी दिली का कोणाला?”

त्यांना आता पुन्हा उठून माफीचे भाषण करायचे होते. मी त्यांचा मोबाईल परत देऊन त्यांना खुर्चीत बसवले आणि एक शब्दही बोलायचा नाही असे बजावले. नारळ उचलला आणि आत गेले.

लोइस कढईपाशी उभी होती. डॅना भिंतीला टेकून. परातीत फ्राय ब्रेड (जाडसर, तळलेली, पुरीच्या मावशीसारखी पोळी) निथळत होते. मी माफी मागू लागले. ती झाऱ्याने नारळाकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्याचं काय करतात? माणसाच्या डोक्यात घालतात?”

“फोडून खातात.”

“मग फोड. भाषणापेक्षा बरं.”

मागच्या पायरीवर मी तो फोडला. पाणी सिमेंटवर सांडले. तिने खोबऱ्याचा तुकडा चावला, बराच वेळ चघळला.

“शाल वाईट नाही,” ती म्हणाली. “आम्हीही मानाच्या माणसाला घोंगडी पांघरवतो. पण शाळेत पाहुणे यायचे तेव्हा आम्हाला ओळीत उभं करायचे. अंगावर काहीतरी नवं घालायचे. मग फोटो. माझ्या बहिणीचा तसाच एक आहे. तो तिचा नाही, पाहुण्यांचा आहे.” मी लिहिते हे तिला डॅनाने सांगितले असावे. “हे लिही हवं तर. सिनेमातलं लिहू नकोस.”

मग डॅनाकडे न पाहताच तिने विचारले, “आत्ताचा फोटो कुठे आहे?”

“मी पुसून टाकते,” मी म्हणाले.

“तो कुठेही नाही असं ही मला सांगेल,” लोइस डॅनाला म्हणाली, “मग मी तुला त्या भागाचं सांगेन.”

डॅनाने माझ्याकडे पाहिले. तिच्या त्या नजरेपुढे माझी सारी विशेषणे फिकी होती.

मी बाहेर येऊन काकांचा मोबाईल हिसकावलाच. फोटो पुसला आणि मग पाहिले: मधल्या पाऊण तासात काकांनी तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. ‘एक अविस्मरणीय सत्कार!’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ‘काका रॉक्स.’ ‘नारळ फ्रिस्कोचा की तिकडचा?’ एकाने तो दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्गच्या मंडळाला पाठवला होता, दुसऱ्याने पार्सिपनीच्या. परतीच्या वाटेवर लाल नदी कधी ओलांडली ते मला कळले नाही.

पुढचे चार दिवस मी फोन करत होते. काकाही करत होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा आवाज दिवसागणिक बारीक होत गेला. पार्सिपनीच्या एका काकू म्हणाल्या, “इश्श, एवढं काय त्यात? छान आलाय की फोटो! आमच्या न्यूजलेटरला टाकलासुद्धा.” दुसऱ्या एकाने सांगितले की त्याने तो कधीच डिलीट केला, आणि लगेच विचारले, “पण नेमका कोणता? पुन्हा पाठवता का, चेक करतो.” मी फोन ठेवून उशीवर मूठ आपटली.

पाचव्या दिवशी डॅनाला फोन केला. खोटे बोलणे सोपे होते. ओक्लाहोमातल्या त्या वृद्धेला पार्सिपनीचे न्यूजलेटर कोण दाखवणार होते? पण मी होते तसे सांगितले: ग्रुपवरून काढला आहे, माणसांच्या मोबाईलमधून निघाला की नाही, मला सांगता येत नाही, आता कधीच सांगता येणार नाही. डॅना म्हणाली, “आंटीला हे असंच सांगते.”

आता मी नाशिकला परतले आहे. इथेही पत्रिका येतात, शाली येतात, कोणीतरी मोबाईल पुढे करतो. मी हात मागे घेते तेव्हा लोक समजतात, बाईंना गर्व झाला. समजोत. दुसऱ्याच्या दुःखाला मान देण्याची आपली घाई ही बहुधा आपलीच सोय असते. त्याच्यासमोर नुसते बसून राहणे आपल्याला जमत नाही, म्हणून आपण उठून त्याला काहीतरी पांघरवतो. मी हे चिडून लिहिते आहे, आणि काकांवर जेवढी चिडले आहे त्याहून माझ्या त्या बटण दाबणाऱ्या बोटावर अधिक.

गेल्या महिन्यात माहितीपट पुरा झाल्याचे सायलीकडून कळले. मी डॅनाला फोन लावला. अभिनंदन केले, इकडचे तिकडचे विचारले, आणि मग धीर करून विचारले: बहिणीचा भाग?

मग ती म्हणाली,

“वगळला.”