जॉइनमध्ये गळालेल्या बायका

सकाळी अकराला शिरोळ तालुक्यातून सुनंदाताईंचा फोन आला. त्या तिथल्या आशा सेविका. कृष्णेचं पाणी गावात शिरत होतं, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना आधी बोटीनं हलवायचं ठरलं होतं. कुणाला न्यायचं ती यादी एका मदत संस्थेची माणसं वेबसाइटवरून काढत होती. वेबसाइट आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात बनलेली.

"मॅडम, तुमच्या यादीत चार बायका हायत. माझ्या वहीत सहा हायत. मळ्यातली सरिता न्हाय त्यात, नववा लागलाय तिला."

दुसरीचं नाव विचारून घेऊन दोन्ही नावं मी लगेच संस्थेला फोनवर कळवली. पण खरा प्रश्न पुढचा होता. एका गावात दोन गळाल्या, तर बाकीच्या गावांत किती?

आमचे चौगुले सर खुर्चीमागं येऊन उभे राहिले. डेटा उडाला का, त्यांनी विचारलं. उडाला नव्हता. टेबल म्हणजे एक रजिस्टर समजा. बायकांच्या टेबलमध्ये सरिता होती. फोन नंबर दुसऱ्या टेबलमध्ये होते, तिथं तिची नोंद नव्हती. तिच्याकडं फोनच नव्हता. वेबसाइट ज्या पीएचपी फ्रेमवर्कच्या सांगाड्यावर बनली होती, त्यात दोन टेबलं जोडायला नुसतं जॉइन लिहिलं, की दोन्हीकडं नोंद असलेलीच माणसं यादीत येतात. बाकीची गुपचूप वगळली जातात. यादीत नावापुढं नंबर दिसावा म्हणून ती ओळ मीच लिहिली होती. टेस्टिंगच्या खोट्या डेटात प्रत्येकीला फोन होता.

सर म्हणाले, आधी दुरुस्त कर, मग संस्थेला सांगू.

"सर, बोटी आत्ता त्याच यादीवर फिरतायत. आधी सांगूया."

 मग त्यांनी स्वतःच फोन लावला आणि यादी अपुरी आहे, चूक आमची आहे, असं सरळ सांगून टाकलं.

मी जॉइनचं लेफ्ट जॉइन केलं. म्हणजे नंबर असो वा नसो, पहिल्या टेबलमधली प्रत्येक बाई यायला हवी. पान रिफ्रेश केलं. सुनंदाताईंच्या गावात नावं चारच.  संस्थेकडून दोनदा फोन येऊन गेला, नवी यादी कुठाय म्हणून.

क्वेरी, म्हणजे टेबलांतून यादी मागवणारी आज्ञा, एकेक शब्द बोट ठेवून वाचली. खाली एक अट होती: नंबर चालू असेल तरच दाखव. जिला नंबरच नाही तिची ती जागा रिकामी. रिकामी म्हणजे चालू नव्हे. लेफ्ट जॉइननं आत घेतलेल्या बायकांना ही अट पुन्हा बाहेर काढत होती. मी ती तिथून उचलून जॉइनच्या आत नेली, म्हणजे ती फक्त नंबर निवडेल, बाईला वगळणार नाही.

रिफ्रेश केल्यावर गावात सहा नावं आली. सगळ्या गावांत मिळून एकोणीस वाढली.

"वाच एकेक," सर म्हणाले. मी वाचत गेले, ते फोनवर सांगत गेले.

संध्याकाळपर्यंत अठराजणी सुखरूप बाहेर आल्या. एक आधीच माहेरी, नेसरीला गेली होती. सरिताला तिसऱ्या दिवशी मुलगी झाली.

प्रोग्रामनं त्या दिवशी एकही एरर दिली नव्हती. तेव्हापासून दोन टेबलं जोडली की मी आधी मोजते: जोडण्यापूर्वी माणसं किती, जोडल्यावर किती. आकडा घटला, तर कोण गेलं ते नावानिशी बघते.