दोरीपलीकडची बाई

उत्तरेकडच्या त्या आखाती बेटावर बोटीशिवाय जाता येत नाही, आणि परवान्याशिवाय बोटीत चढता येत नाही. हजारो वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत. त्यांच्या चुली, शिंपल्यांचे ढीग, कबरी, सगळं सरकारने जपून ठेवलंय. हिवाळ्यात उत्खननाची छावणी पडते आणि तिच्या स्वयंपाकघरावर राज्य असतं ब्रिजिटचं.

ब्रिजिट मूळची वसईची. इथल्याच किनाऱ्यावरच्या रास अल खैमातल्या हॉटेलांत हाउसकीपिंग करण्यात तिची अर्धी हयात गेली. चादरीवर सुरकुती दिसली की हिच्या कपाळावर दहा उमटायच्या. नवरा विन्स्टन टगबोटीवर होता. याच समुद्रात एका वादळात तो गेला आणि सापडलाच नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी वसईत सगळे आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, धुऊन, फुलं-मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी ब्रिजिटला हातांचं काय करावं हेच कळायचं नाही. म्हणून तिने बेटावरचं काम धरलं. पहाटे धुकं उतरलं की पाणी कुठे संपतं आणि वाळू कुठे सुरू होते ते इथे दिसत नाही. तेव्हा तिला वाटतं, विन्स्टन इथेच कुठेतरी आहे, हाक मारली तर ओ देईल.

यंदा नेमकी मृतांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी एक कबर उघडी झाली. आत कुशीवर झोपल्यासारखा बाईचा सांगाडा, गळ्याशी शिंपल्यांचे मणी. ब्रिजिटला गलबलून आलं. इतक्या वर्षांत बिचारीला कुणी फूलसुद्धा वाहिलं नसेल! सकाळी धुक्यातच ती केरसुणी आणि बादली घेऊन गेली, आणि कबरीभोवतीचे दगड तिने झाडून-पुसून लख्ख केले.

ते पाहून उत्खननप्रमुख अनुपमाच्या पायाखालची वाळूच सरकली.

"आंटी, काय केलंत हे! साइट प्रोटेक्टेड आहे! त्या मातीचे सॅम्पल्स घ्यायचे होते अजून!"

"धूळ बसली होती हो, मॅडम."

"खलास! संध्याकाळच्या बोटीने परत जा तुम्ही."

ब्रिजिटने सगळ्यांना जेवू घातलं, भांडी घासली, बॅग भरली. नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण बेट सुटलं म्हणजे विन्स्टनही सुटला, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

संध्याकाळी धक्क्यावर अनुपमा आली. राग ओसरला होता, कोडं उरलं होतं. "आंटी, एवढं बेट सोडून तुम्हाला कबरच का झाडायची होती?"

ब्रिजिटने विन्स्टनचं सगळं सांगितलं. "मला कबर नाही, मॅडम, आणि त्या बाईला माणूस नाही. म्हटलं, दोघींचं भागेल."

अनुपमाने तिच्या हातातली बॅग काढून घेतली. मग बोटवाल्या शाहबाजला म्हणाली, "भाई, आज आंटी नहीं आएगी. आप निकलो." आणि ब्रिजिटला, "वरच्यांना रिपोर्ट मला द्यावाच लागेल हं. पुढचं इन्शाल्ला."

दोघी कबरीपाशी आल्या. भोवती आता दोरी बांधली होती. "दोरीच्या बाहेर," अनुपमाने बजावलं, "आणि केरसुणी नाही." बाहेरच्या वाळूत, डब्याच्या आडोशाला, तिने स्वतः मेणबत्ती लावली. पुन्हा धुकं उतरू लागलं होतं. अनुपमाने हात जोडले आणि ती अडखळली. "हिचं नाव तर कुणालाच माहीत नाही. कुणाचं नाव घेऊ?"

"विन्स्टनचं घ्या," ब्रिजिट म्हणाली. "ती ऐकेल. एवढी वर्षं या पाण्याशेजारी आहे ती, तो कुठे आहे ते तिला ठाऊक असेल."